बुटक्या छताखालचं गाणं

छत इतकं बुटकं आहे की गाणाऱ्या मुलीला सरळ उभं राहताच येत नाही. म्हणून ती गुडघे वाकवून, अर्धवट बसल्यासारखी, डोलत गाते. मागे एक सोफा. हात हलतात, खांदे हलतात, मान एका बाजूला झुकते, आणि डोकं वर लागू नये इतपत ती सतत खाली. मागे नाचणाऱ्या मुलींची रांग नाही, समुद्रकिनारा नाही, प्रियकराचं काम करणारा देखणा मुलगा नाही. जपानी गायिका उतादा हिकारूच्या ‘ऑटोमॅटिक’ या पहिल्या सिंगलच्या, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या स्वतंत्र सीडीच्या, व्हिडिओतून मनात राहतं ते एवढंच. ९ डिसेंबर १९९८ रोजी ही सिंगल बाजारात आली तेव्हा हिकारू पंधरा वर्षांची होती, सोळावा वाढदिवस सव्वा महिन्यावर होता. गाण्याचे शब्द तिचे, चालही तिचीच.

मी पुण्यात जपानी शिकवते. वर्गात येणारी मुलं बहुतेक अ‍ॅनिमेमधून आलेली असतात, काही नोकरीसाठी. गेल्या काही वर्षांत तिसरा एक रस्ता उघडला आहे. नेटफ्लिक्सवर २०२२ साली आलेली ‘फर्स्ट लव्ह’ ही जपानी मालिका पाहून आलेल्या मुली. ही मालिका हिकारूच्याच गाण्यांवरून सुचलेली, त्यामुळे ‘फर्स्ट लव्ह’ हे गाणं त्यांना तोंडपाठ असतं. त्या ते फार मनापासून म्हणतात. मीही ऐकते, आणि मग त्यांना सांगते की याच्या आधीचं ऐका. ते संथ विरहगीत सुंदर आहे यात वाद नाही, पण ते ऐकणाऱ्याचा हात धरून त्याला रडण्याच्या जागेपर्यंत नेऊन सोडतं. ‘ऑटोमॅटिक’ असं काही करत नाही. ते मध्यम लयीत, डोलत, जवळजवळ हसत चाललेलं गाणं आहे, आणि तरीही त्यात काहीतरी दुखतं. ते कुठून येतं याचा मी अनेक वर्षं विचार करत आले आहे.

आधी काळ सांगायला हवा. १९९८ हे जपानी ध्वनिमुद्रिकांच्या धंद्याचं शिखरवर्ष. त्या एका वर्षात सुमारे ६० हजार कोटी येन किमतीच्या सीडी आणि इतर ध्वनिमुद्रणांचं उत्पादन झालं. तो आकडा त्याआधी कधी गाठला गेला नव्हता आणि नंतरही नाही. याच काळात देशाची अर्थव्यवस्था मात्र ढासळत होती. १९९७च्या नोव्हेंबरात यामाइची सिक्युरिटीजसारखी जुनी दलाली पेढी बुडाली, होक्काइदो ताकुशोकु बँक बुडाली. १९९८च्या ऑक्टोबरात लाँग टर्म क्रेडिट बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि १३ डिसेंबरला, म्हणजे ही सिंगल दुकानात आल्यानंतर चौथ्या दिवशी, निप्पॉन क्रेडिट बँकेचीही तीच गत झाली. आयुष्यभराची नोकरी हा ज्या पिढीचा धर्म होता ती पिढी सकाळच्या बातम्या पाहून सुन्न होत होती, आणि तिची मुलं पूर्वी कधीही नव्हत्या इतक्या सीडी विकत घेत होती.

त्या सीडींवर काय असे? नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जपानी पॉपवर कोमुरो तेत्सुया या निर्मात्याचं राज्य होतं. वेगवान नाचाचे ठेके, सिंथेसायझरच्या लखलखत्या लाटा, उंच पट्टीत ताणलेले आवाज. आमुरो नामिए ही गायिका त्याच्याच गाण्यांवर देशाची लाडकी झाली. मला त्यातली कितीतरी गाणी आवडतात, त्यांच्यातला जोम खरा होता. पण ती सगळी उभ्याने गायलेली गाणी आहेत. उडी मारून, हात वर करून, मोठ्या स्टेजवरून.

टोकियोतली माझी एक सहकारी आहे, भाषांतराच्या कामात आमची गाठ पडली. ती हिकारूच्याच वयाची, १९९८ साली नववीत होती. तिला मी विचारलं होतं की तुला तेव्हा त्या व्हिडिओत काय दिसलं? ती लगेच म्हणाली, “टीव्हीवर सगळे उड्या मारत होते. हिला मात्र उभं राहायलाही जागा नव्हती. आमच्या घरी तसंच होतं.” तिने पुढे काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिच्या वडिलांची नोकरी त्या हिवाळ्यात गेली होती हे मला नंतर, दुसऱ्याच एका संदर्भात कळलं. तो व्हिडिओ मी तोवर फॅशन म्हणून पाहत होते. सहकारीच्या त्या वाक्यानंतर मला त्यातली खोली दिसायला लागली.

खोलीत एक मुलगी आहे. तिने फोन लावला आहे आणि पलीकडून तो उचलला जाण्याची ती वाट पाहते आहे. गाण्याची सुरुवातच तशी आहे. सातव्यांदा घंटा वाजते तेव्हा तो रिसीव्हर उचलतो. ती नाव सांगत नाही, तरी आवाजावरून तो तिला ओळखतो. नुसतं जवळ असणं, नुसतं त्याचं पाहणं, आणि काळजाची धडधड थांबत नाही. नाही म्हणता येत नाही. आपोआप होतं सगळं. पुढच्या कडव्यात संगणकाचा पडदा येतो. त्यावर लुकलुकणाऱ्या अक्षरांवर ती हात ठेवते आणि तिला ऊब जाणवते. आज हे फार साधं वाटेल, पण १९९८ साल आठवा. डायल-अपचा काळ, जाडजूड काचेचे मॉनिटर. त्या काचेला हात लावला की खरंच कोमट लागायचं आणि केस ताठ व्हायचे. हिकारूने प्रेमगीतात चंद्र, पाऊस, स्टेशन यांच्या शेजारी मॉनिटरची ऊब आणून ठेवली, आणि ती तिथे उपरी वाटली नाही. पदार्पणाच्या सुमारापासूनच ती आपल्या संकेतस्थळावर चाहत्यांसाठी टिपणं लिहीत असे, घरच्या माणसाला लिहावं तशी. पडद्यावरची अक्षरं उबदार असतात असं तिला खरंच वाटत असणार.

आता त्या पहिल्या ओळीकडे यायला हवं, कारण माझ्या मते सगळी जादू तिथेच आहे. जपानीत अक्षरांच्या मात्रा अगदी काटेकोर असतात. ‘काना’ या जपानी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक मात्रा, जोडाक्षरातल्या थांब्यालाही एक मात्रा. हायकूच्या पाच-सात-पाच या मोजणीमागे हाच हिशेब आहे. त्यामुळे जपानी गाण्यांत साधारण असं असतं की एका सुरावर एक मात्रा बसते, शब्द संपतो तिथे सुरावटीचा तुकडा संपतो, आणि गायक तिथे श्वास घेतो. शब्द अखंड राहतो. हिकारू गाते ते असं: ‘ना-नाकाइमे नो बे’, मग थांबा, मग ‘रु दे जुवाकि ओ तो’, पुन्हा थांबा, मग ‘त्ता किमि’. ‘बेरु’ म्हणजे घंटा. तिचे दोन तुकडे झाले, अर्धी घंटा या ओळीत आणि अर्धी पुढच्या. ‘तोत्ता’ म्हणजे उचलला, तोही मधोमध मोडला.

शाळेत वृत्तं शिकलेल्या मराठी माणसाला हे चटकन उमगेल. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा, यायचा आणि शब्द तिथे तुटला की बाई लाल शाईने ‘यतिभंग’ लिहायच्या. तो दोष होता. हिकारूने पहिल्याच ओळीत, पहिल्याच गाण्यात, तो दोष दोनदा केला आणि त्यावर सगळी ओळ तोलून धरली. जपानी जाणकारांनी यावर भरपूर लिहिलं आहे, आणि ते स्वाभाविक होतं, कारण त्यांच्या कानाला ते थेट धक्का देणारं होतं. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला तेवढा धक्का बसत नाही. आग्रा घराण्याच्या गवयांनी बंदिशीतले शब्द लयीच्या कात्रीने कापून, समेच्या अलीकडे पलीकडे टाकून, ऐकणाऱ्याला झुलवत ठेवलं आहेच. शब्द लयीला शरण जातो आणि त्यातूनच त्याला नवा अर्थ येतो हे आपल्या कानांना ठाऊक आहे.

या ओळीतला नवा अर्थ असा की घंटा वाजता वाजता थांबते. ‘बे’ म्हणून आवाज लोंबकळत राहतो. फोन उचलणार की नाही? सातवी घंटा झाली, आठवी होईल का? ज्यांनी लँडलाइनवर कुणाच्या तरी घरी भीत भीत फोन लावला आहे, त्यांना तो अर्ध्यातला थांबा शरीरात आठवेल. मग ‘रु’ येतो आणि तो फोन उचलतो. धाकधूक शब्दात सांगितलेली नाही, ती लयीत आहे.

हे पंधरा वर्षांच्या मुलीला कसं सुचलं? त्याचं एक उत्तर तिच्या जन्मगावात आहे. १९ जानेवारी १९८३ रोजी हिकारूचा जन्म न्यूयॉर्कचा. बालपण न्यूयॉर्क आणि टोकियो यांच्यात वाटलेलं, शाळा इंग्रजी, घरातली भाषा जपानी. वडील उतादा तेरुझाने निर्माते, स्टुडिओ हेच घर. ‘क्युबिक यू’ या नावाने तिचा इंग्रजी गाण्यांचा एक अल्बम जपानी पदार्पणाच्या आधीच निघाला होता. अमेरिकन आर अँड बीचा, म्हणजे ‘रिदम अँड ब्लूज’ या संगीतशैलीचा, ठेका तिच्या अंगात लहानपणापासून मुरला होता, आणि त्या ठेक्यात अक्षरं तालाच्या किंचित मागे, किंचित पुढे घसरवत म्हणण्याची रीत असते. तोशिबा ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीचे निर्माते मियाके आकिरा यांच्या हाताखाली ती जपानीत गायला लागली तेव्हा तिने भाषा बदलली, ठेका तोच ठेवला. तिच्यामुळेच जपानला आर अँड बी कळलं असं म्हणणं मात्र बरोबर नाही. १९९८च्याच फेब्रुवारीत मिसिया ही गायिका आली होती आणि तिने त्या आवाजाची वाट मोकळी केली होती. शिइना रिंगो, आयको, हामासाकी आयुमी याही १९९८च्याच. एका वर्षात इतक्या तऱ्हांच्या गायिका एका देशाला मिळाल्या हे नवलच आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहावं असं मनात आहे.

दुसरं उत्तर तिच्या आईत आहे.

आई म्हणजे फुजी केइको. एन्का या जपानी भावगायनाच्या परंपरेतली १९७० सालची सम्राज्ञी. १९६९ मध्ये अठराव्या वर्षी तिचं पहिलं गाणं आलं. १९७० साली तिचा पहिला अल्बम सलग २० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, त्याला खाली खेचलं ते तिच्याच दुसऱ्या अल्बमने, आणि दोन्ही मिळून सलग ३७ आठवडे ती शिखरावर होती. गोरा, भावहीन चेहरा, हातात गिटार आणि त्या कोवळ्या शरीरातून निघणारा खरबरीत, जखमी आवाज. टोकियोतल्या शिंजुकू या बारच्या वस्तीतल्या रात्रींची, फसवल्या गेलेल्या बायकांची गाणी. तिचे आईवडील रोक्योकु गाणारे, म्हणजे शामिसेन या तीन तारांच्या वाद्याच्या साथीवर कथा गात गावोगाव फिरणारे कलावंत. आई दृष्टी गमावलेली, तीच शामिसेन वाजवायची. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या बर्फात लहानगी केइको त्यांच्याबरोबर फिरायची, गायची.

हिकारूच्या पदार्पणाच्या जाहिरातीत आईचं नाव पुढे केलेलं नव्हतं. मला ते फार बरं वाटतं. लोकांनी आधी गाणं ऐकलं. रेडिओवर ऐकलं, कारण सुरुवातीला टीव्हीवर ती फारशी दिसतच नव्हती. चेहरा म्हणून लोकांसमोर होता तो हा व्हिडिओ, ती बुटकी खोली. मग कधीतरी उलगडा झाला की ही फुजी केइकोची मुलगी, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी गाणं पुन्हा ऐकलं असेल. पुन्हा ऐकताना त्यांना तो कंप ऐकू आला असणार. हिकारूच्या आवाजात सुराच्या टोकाशी एक बारीक थरथर आहे, ती आनंदाच्या ओळीतही थांबत नाही. आर अँड बीच्या ठेक्याला तिची गरज नव्हती. ती शिकून येत नाही. आपल्याकडे घराण्याचा गळा म्हणतात तसं काहीतरी बर्फातल्या त्या शामिसेनपासून, शिंजुकूच्या गाण्यांतून, न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून उतरत आलं आहे, आणि एका प्रेमात पडलेल्या मुलीच्या हसऱ्या गाण्यात येऊन बसलं आहे. मी सुरुवातीला म्हटलं की त्यात काहीतरी दुखतं, ते मला इथे सापडतं. शब्द पंधरा वर्षांचे आहेत, आवाज तीन पिढ्यांचा.

खपाचे आकडे लिहायला हवेत, कारण ते विलक्षण आहेत. सिंगल दोन आकारांत निघाली होती. एक ८ सेंटिमीटरची छोटी सीडी, उभट लांबुळक्या पुठ्ठ्यात घातलेली, जी तेव्हा जपानात सर्रास चालायची, आणि दुसरी नेहमीची १२ सेंटिमीटरची. ओरिकॉन या जपानी खपाच्या क्रमवारीच्या यादीत दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या गेल्या. मोठी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, छोटी चौथ्यापर्यंत. म्हणजे त्या यादीत ‘ऑटोमॅटिक’ कधीही पहिलं आलं नाही, आणि तरी दोन्ही मिळून वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. पाठोपाठ १० मार्च १९९९ रोजी ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम आला, ७६ लाखांवर खपला, आणि जपानच्या इतिहासातला सर्वाधिक खपाचा अल्बम आजही तोच आहे. देशातल्या साधारण सोळा-सतरा माणसांमागे एक सीडी.

एवढं यश पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीवर कोसळलं की काय होतं, याची उदाहरणं जगभर आहेत आणि बहुतेक वाईट आहेत. हिकारू तगली. वाकून डोलण्याची नक्कल टीव्हीवरच्या विनोदवीरांनी केली, शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलांनी केली, आणि तिने स्वतःही ती केली, त्याबद्दल सांगते. २०१० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तिने जाहीर केलं की आता गाणं थांबवून काही काळ माणूस म्हणून जगायचं आहे. प्रत्यक्ष थांबण्याआधी ‘गुडबाय हॅपिनेस’ हे गाणं आलं आणि त्याचा व्हिडिओ तिने स्वतः दिग्दर्शित केला. एकच खोली, समोर स्थिर कॅमेरा, यूट्यूबवर घरबसल्या कुणी व्हिडिओ टाकावा तशी ती गाते, नाचते, खोलीभर पसारा करते, आणि तिच्या जुन्या व्हिडिओंच्या खुणा एकेक करून येऊन जातात. गुडघे वाकवलेलं ते डोलणंही येतं. मला तो व्हिडिओ पाहताना दरवेळी आनंद होतो. या खोलीचं छत पुरेसं उंच आहे. ती वाकते ते तिला वाकायचं आहे म्हणून.

२०१३च्या ऑगस्टमध्ये फुजी केइको गेली. हिकारूने तेव्हा एक निवेदन लिहिलं. आई दीर्घकाळ मानसिक आजाराशी झगडत होती हे तिने त्यात उघडपणे सांगितलं, आणि जपानसारख्या समाजात एवढ्या मोठ्या कलावंताने ते सांगणं ही धैर्याची गोष्ट होती. २०१६ साली ती परतली ती ‘फँटोम’ हा अल्बम घेऊन, आणि तो आईला वाहिलेला आहे. त्यातली गाणी मी एका बैठकीत ऐकू शकत नाही. पण ती ऐकल्यावर ‘ऑटोमॅटिक’कडे परत गेले तेव्हा तो कंप अधिक स्पष्ट ऐकू आला, जणू कुणी आजूबाजूची वाद्यं थोडी मागे सरकवली होती.

वर्गात हे गाणं शिकवताना एक अडचण नेहमी येते. मुलं पहिली ओळ दुरुस्त करून म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही. मीच त्यांना पहिल्या दिवसापासून शब्द अखंड ठेवायला शिकवलेलं असतं, कारण बोलताना ‘बेरु’ मोडला तर समोरच्याला कळणार नाही. त्यामुळे ती ‘बे’ पाशी थांबत नाहीत, सुराला ओढून ‘बेरु’ पूर्ण करतात आणि मग श्वास घेतात. ओळ शुद्ध होते आणि फोन सहज उचलला जातो, धाकधूक उरत नाही. मी गाणं थांबवते, पुन्हा लावते. ‘बे’वर थांबा, ‘रु’ पुढच्या घरात टाका. जपानी माणसंसुद्धा कॅराओकेमध्ये इथे अडखळतात, मी स्वतः पाहिलं आहे, तेव्हा मुलांना धीर देते.

परवाच्या वर्गात एका मुलीला ते पहिल्याच फटक्यात जमलं. नाशिकची आहे, लहानपणापासून कथक शिकलेली, जपानी अजून कच्चं. बाकीच्यांनी वळून पाहिलं. तू कसं केलंस, मी विचारलं. तिला प्रश्नच कळेना. “सेन्सेई, सम पुढे आहे ना? मग शब्दासाठी अलीकडे कशाला थांबायचं?” असं म्हणून तिने बाकावर हाताने ठेका धरला आणि पुढची ओळही तशीच मोडून दाखवली.